पहिले धनुष्य कोणते घ्यावे?

सन 2023 च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्लिन शहरी जागतिक धनुर्विद्या स्पर्धा भरल्या होत्या. त्यांत कंपाउंड प्रकारात साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. अंतिम सामन्यात तिचे गुण 150 पैकी 149 होते. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांच्या अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळविले. दोघांचेही गुरु एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. आणि त्यांची शाळा कोठे, तर उसाच्या शेतात! आम्हां श्रीरामपूरकरांस उसाचे शेत काही अपूर्व नाही. परंतु त्या शेतातून साखरेखेरीज जगज्जेतेही निघू शकतात, ही गोष्ट आमच्या गावी तोपर्यंत कोणाच्या स्वप्नातही आली नसावी.

तेव्हापासून पालकांचा एक प्रश्न मजकडे वरचेवर येऊ लागला आहे. ‘मास्तर, चिरंजिवांना धनुष्य घ्यावयाचे आहे, कोणते घ्यावे?’ मजकडेच का, असे वाचक विचारतील. मी संस्कृतचा शिक्षक. एके वर्षी क्रीडाशिक्षक दीर्घ रजेवर गेले, तेव्हा ‘ज्यास धनुर्वेद ठाऊक त्यास धनुर्विद्याही येत असलीच पाहिजे’ असा सरळ हिशेब करून मुख्याध्यापकांनी तो तास माझ्या गळ्यात घातला. तो पुढे सेवानिवृत्तीपर्यंत सुटला नाही. त्या निमित्ताने शंभर-दीडशे मुलामुलींच्या हाती पहिले धनुष्य देण्याचा योग आला. पुढील चार गोष्टी त्या अनुभवाच्या आधारे लिहीत आहे.

प्रथम एका यंत्राचा विचार करणे भाग आहे, कारण हल्ली दहांपैकी तीन-चार मुले धनुष्य न मागता तेच मागतात. ते यंत्र म्हणजे क्रॉसबो, अर्थात आडवे धनुष्य. बंदुकीसारखा दस्ता, त्याच्या टोकाशी आडवे बसविलेले आखूड पण अतिशय कडक धनुष्य, दोरी अडकवून ठेवणारी कळ, खाली चाप आणि वर दुर्बीण. मुले भ्रमणध्वनीवर त्याची चित्रे पाहतात, आणि त्यांत बहुधा कोणीतरी रानात दबा धरून बसलेला असतो. यंत्राच्या कल्पकतेविषयी शंका नाही. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ जी मातीची सेना सापडली, तिच्यासोबत या धनुष्याच्या काशाच्या कळा निघाल्या आहेत. म्हणजे ही युक्ती बावीसशे वर्षांहून जुनी आहे. युरोपात तिने एवढी दहशत बसविली की 1139 साली ख्रिस्ती धर्मपरिषदेने स्वधर्मीयांवर तिचा प्रयोग करण्यास मनाई केली. मनाई कोणी पाळली नाही, हे सांगणे नकोच. इंग्लंडचा सिंहहृदयी रिचर्ड 1199 साली फ्रान्समधील एका किल्ल्यासमोर अशाच धनुष्याच्या बाणाने जखमी होऊन मेला.

त्या दहशतीचे कारण पाहण्याजोगे आहे. साधे धनुष्य ओढून धरण्यास व सोडण्यास वर्षानुवर्षे अभ्यास लागतो. आडवे धनुष्य एकदा चढविले की ते स्वतःच ओढलेले राहते. धरणाराने फक्त रोखावयाचे व चाप दाबावयाचा. कालपर्यंत नांगर धरणारा मनुष्य आठवड्याभरात चिलखती सरदारास लोळवू शकत असे. मुलांना त्याचा मोह पडतो तो नेमका याचसाठी, आणि पहिले साधन म्हणून मी ते नको म्हणतो तेही याचसाठी. जे शिकावयाचे, म्हणजे खांदा स्थिर ठेवणे, श्वास आवरणे, दोरी बोटांवरून अलगद सुटू देणे, त्यातील निम्मे-अधिक हे यंत्रच करून टाकते. शिवाय त्याचा ताण दीडशे ते दोनशे पौंडांचा असतो. चाप ओढताना डाव्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेत आला, तर तो जायबंदी झाल्यावाचून राहत नाही. आणि चढविलेले यंत्र घरात विसरून ठेवणे व भरलेली बंदूक विसरून ठेवणे, यांत मला तरी फरक दिसत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते: ‘मास्तर, आमचे शेत आहे, आणि उसात बिबट्या आहे.’ हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. प्रवरेच्या पाण्याने, म्हणजे 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कृपेने, आमच्या बाजूला ऊस पसरला. आणि बाराही महिने दाट राहणाऱ्या त्या उसात बिबट्याने घर केले. मादी तेथेच विते, बछडे तेथेच वाढतात. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरावयास जाणाऱ्या माणसाच्या छातीतील धडधड मला ठाऊक आहे. माझे कित्येक विद्यार्थी आज तेच करीत आहेत. तरीही त्याच्या खांद्यावर आडवे धनुष्य देणे हा उपाय नव्हे. अंधारात, उसाच्या पानांतून, हलणाऱ्या जनावरावर एकच बाण सुटणार. दुसरा चढविण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागणार. आणि जखमी बिबट्या हा निरोगी बिबट्यापेक्षा कितीतरी भयंकर असतो. हातात उजेड व काठी असावी, तोंडाने मोठ्याने बोलत जावे, एकट्याने जाऊ नये, आणि वन विभागाचा 1926 हा क्रमांक पाठ असावा. धरणाचे साल आणि हा क्रमांक एकच निघावा, हा योगायोग निदान लक्षात ठेवण्यास बरा.

आणि कायदा? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीचा खेळ संपविला आहे. त्या कायद्याने शिकार शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत मारणे तर आहेच, पण जखमी करणे, फासे लावणे, हाकून आणणे, इतकेच नव्हे तर या सर्वांचा नुसता प्रयत्न करणे हेही आहे. बिबट्या आणि काळवीट हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी होत. त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड आहे. प्राणावर बेतले असता सद्भावनेने केलेला स्वसंरक्षणाचा प्रतिकार तेवढा गुन्हा ठरत नाही. बाकी धोकादायक जनावरासंबंधी निर्णय देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे, शेतमालकाचा नाही. आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे 1980 पासून काळविटांचे अभयारण्य आहे. ज्यास हरणावर नेम धरण्याची हौस असेल त्याने तेथे जाऊन छायाचित्र काढावे. नेम तितकाच लागतो आणि हरीणही उरते. अमेरिकेतील अनेक संस्थानांत धनुष्याने शिकार करण्यास परवाना मिळतो, म्हणून तिकडची पुस्तके व चित्रफिती शिकारीच्या साधनांनी भरलेल्या असतात. पण इंग्लंडात 1981 च्या कायद्याने वन्य प्राण्यांवर धनुष्य किंवा आडवे धनुष्य चालविण्यास बंदी आहे, हे त्या चित्रफितींत कोणी सांगत नाही.

येथे कोणी अर्जुनाचे पाखरू पुढे करील. द्रोणाचार्यांनी झाडावरील पक्ष्याचा डोळा फोडावयास सांगितला होता ना? आदिपर्व उघडून पाहावे. तो पक्षी जिवंत नव्हता. कारागिरांकडून मुद्दाम करवून फांदीवर बसविलेला तो कृत्रिम भास पक्षी होता. म्हणजे आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध परीक्षा ही शिकारीची नसून निशाणबाजीचीच होती. वर्गात ही गोष्ट सांगितली की मांसाहारी घरांतील मुलेदेखील सुटकेचा निःश्वास टाकीत, असा माझा अनुभव आहे.

निशाणबाजीसाठी म्हणून कोणी आडवे धनुष्य घेईल, तर परदेशांत 10 व 30 मीटरवर त्याच्या स्पर्धा होतात हे खरे. पण ऑलिंपिकमध्ये तो प्रकार नाही. ज्या मुलाने त्यावर दोन वर्षे घालविली, त्याला पुढे रांगेत उभे राहावयास जागा कोठे? तरीही प्रौढ गृहस्थास हौसच असेल, तर मागविण्यापूर्वी पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता खऱ्या धनुष्याकडे वळू. आपल्या देशात आज तीन जातींची धनुष्ये चालतात. पहिले बांबूचे, ज्यास आपण पूर्वापार तिरकमठा म्हणतो. सातपुड्यातील भिल्लांच्या तिरकमठ्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट कांबीची असते. त्यावर नेम धरण्याचे काही उपकरण नसते. डोळा आणि सवय हेच उपकरण. राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा स्वतंत्र गट याच धनुष्यासाठी आहे. राजस्थानातील आदिवासी घरातला लिंबाराम असाच बांबूवर हात बसवून पुढे आला आणि 1992 साली बीजिंग येथे 30 मीटरवर त्याने तत्कालीन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. दुसरे रिकर्व्ह, ज्याची टोके पुढच्या बाजूस वळलेली असतात. ऑलिंपिकमध्ये 1972 पासून आजवर हेच चालत आले आहे, अंतर 70 मीटर. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव 2021 साली टोकियोत गेला तो हेच घेऊन. मजुरी करणाऱ्या आईबापांच्या या मुलाने तेथे जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानी असलेल्या रशियन धनुर्धरास 6–0 असे हरविले. तिसरे कंपाउंड. याच्या टोकांशी कप्प्या असतात. ओढू लागले की आरंभी जड लागते, पण पूर्ण ओढल्यावर कप्प्या फिरून बहुतेक भार आपल्या अंगावर घेतात; 40 पौंडांचे धनुष्य धरून ठेवताना हातावर 8 ते 14 पौंडच राहतात. त्याचा शोध अमेरिकेतील मिसूरी संस्थानच्या ॲलन नावाच्या गृहस्थाने लावला. 1969 साली त्यास एकस्व मिळाले. अदिती, ओजस आणि बुलढाण्याचा प्रथमेश जावकर हे सारे याच जातीचे धनुर्धर. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र दुहेरी संघास प्रथमच प्रवेश मिळाला आहे, तेव्हा यापुढे त्याची ओढ वाढणार, हे उघड आहे.

माझे मत असे की पहिले वर्ष रिकर्व्ह किंवा बांबू, मग हवे तर कंपाउंड. कंपाउंड वाईट म्हणून नव्हे. पण त्यातील प्रत्येक भाग मुलाच्या ओढीच्या मापाला जुळवावा लागतो, जुळविण्यास जाणता मनुष्य व दाब देणारे यंत्र लागते, आणि बिघडले की श्रीरामपुरातून पुण्याची वाट धरावी लागते. बांबूचे काही हजारांत येते, शिकाऊ रिकर्व्हही फारसे महाग नसते. स्पर्धेच्या कंपाउंडचा संपूर्ण संच मात्र लाखांच्या घरात जातो. मुलाची आवड टिकते की दिवाळीच्या सुट्टीबरोबर संपते, हे कळण्यापूर्वी एवढे द्रव्य कशास गुंतवावे?

परंतु जात कोणतीही घ्या, खरा प्रश्न ताणाचा आहे. बहुतेक पालक चुकतात ते येथेच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. धनुष्य पूर्ण ओढण्यास जेवढे बळ लागते त्यास ताण म्हणू. तो पौंडांत मोजतात. दहा-बारा वर्षांच्या मुलास 14 ते 18 पौंड, आणि प्रौढ नवशिक्यास 20 ते 24 पौंड पुरे. आकडा ऐकून वडिलांचे तोंड उतरते. ‘एवढेच? टीव्हीवर तर 45 म्हणत होते.’ होय, ऑलिंपिकमधील पुरुष 45 ते 50 पौंड ओढतात, पण ते दहा-पंधरा वर्षांच्या सरावानंतर. आणि एकदा ओढणे निराळे, दिवसभर ओढणे निराळे. 20 पौंड म्हणजे सुमारे 9 किलो. शंभर बाणांच्या सरावात मुलाने नऊशे किलो वजन, म्हणजे उसाची लहानशी गाडीच, तीन बोटांवर आणि एका खांद्यावर ओढलेली असते. ताण दुप्पट केला तर गाड्याही दोन.

द्रौपदीस्वयंवरात राजे का पडले ते आठवावे. लक्ष्यवेध पुढची गोष्ट. द्रुपदाने धनुष्यच असे कठीण करविले होते की दोरी चढविताना ते एकेक करून आपटले. कठीण धनुष्य हे जावई पारखण्याचे साधन होय, शिष्य घडविण्याचे नव्हे. हाच प्रकार आमच्या पेठेत घडलेला मी पाहिला आहे. एका सद्गृहस्थाने तेरा वर्षांच्या मुलासाठी घरबसल्या धनुष्य मागविले. विकणाराने ‘मूल वाढते आहे, दोन वर्षांनी पुन्हा घ्यावे लागेल’ असे पटवून 36 पौंडांचे गळ्यात मारले. वाढता अंगरखा शिवावा तसे धनुष्य घेता येत नाही, हे त्या विक्रेत्यास ठाऊक नसावे असे मानवत नाही. मुलगा ओढी, पण पाठीने नव्हे, तर अंग मागे झुकवून व खांदा कानाशी आणून. दोन महिन्यांत खांदा धरला. डॉक्टरांनी धनुष्य बंद केले. मुलगा हुशार होता, नजर उत्तम होती; खांदा पुढे बरा झाला, पण दोरी कानाशी आली की तो डोळे मिटू लागला, आणि ती भीती गेली नाही. आता ते धनुष्य त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे.

म्हणून घेण्यापूर्वी परीक्षा करावी. मुलाने धनुष्य पूर्ण ओढून, दोरी हनुवटीस लावून, आपण सावकाश दहा अंक मोजेपर्यंत स्थिर धरले पाहिजे, आणि मग बाण न सोडता दोरी तितक्याच सावकाश परत नेली पाहिजे. हात थरथरला, खांदा वर आला किंवा कंबर मागे गेली, तर ते धनुष्य त्याचे नव्हे. रिकर्व्ह घेताना मधला दांडा व वरखालची पाती सुटी होणारी घ्यावी; मग मुलाच्या बळानुसार केवळ पाती बदलून ताण दोन-दोन, चार-चार पौंडांनी वाढविता येतो. वाढीची तरतूद करावयाची ती अशी.

लांबीचे माप आपल्या जुन्या ‘वाव’ या मापाने उत्तम निघते. मुलास भिंतीशी हात पसरून उभे करावे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजावे, आणि त्यास अडीचने भागावे. 60 इंच वाव असेल तर ओढ 24 इंच. अशा मुलास 62 ते 64 इंच लांबीचे रिकर्व्ह ठीक. पातीवर छापलेला ताण बहुधा 28 इंच ओढीचा असतो. ओढ कमी तर प्रत्येक इंचामागे एखाद-दुसरा पौंड वजा धरावा.

कोणत्या हाताने ओढावे हे हातावर नसून डोळ्यावर अवलंबून आहे. दोन्ही तळहातांनी मध्ये लहानसे भोक राहील असा त्रिकोण करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचा दिवा पाहावा. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्यास दिवा तसाच दिसत राहतो तो प्रधान डोळा. तो उजवा असेल तर दोरी उजव्या हाताने ओढावी. मूल डावखुरे असून डोळा उजवा निघाला तरी घाबरू नये. लहानपणी हात शिकतो, डोळा सहसा शिकत नाही.

आता साईट, म्हणजे नेम धरण्याचे उपकरण. मुले याच्यासाठीच सर्वांत आधी हट्ट धरतात; घ्यावयाचे मात्र ते सर्वांत शेवटी. त्याचे काम समजून घेतले की हे पटेल. धनुष्यातून सुटलेला बाण त्याच क्षणापासून पडू लागतो. शिकाऊ धनुष्याचा बाण सेकंदास 40 मीटर जातो असे धरा. 18 मीटरवरील लक्ष्यापर्यंत पोचेतो तो सुमारे एक मीटर खाली आलेला असतो. ऑलिंपिकच्या 70 मीटरवर, सेकंदास 60 मीटर वेगाने गेला, तर साडेसहा मीटरांहून अधिक, म्हणजे दुमजली घराएवढा. कंपाउंडचा बाण सेकंदास 90 मीटर धरला, तर त्याच्या 50 मीटर अंतरावर पडझड दीड मीटरावर येते. म्हणून धनुष्य किंचित वर रोखावे लागते, आणि ते किती वर, हे दर वेळी सारखेच यावे याची खूण म्हणजे साईट. खूण खाली सरकविली की ती लक्ष्यावर आणताना धनुष्य आपोआप वर जाते. यातूनच तो नियम निघतो जो मुलांस प्रथम उलटा वाटतो: बाण जिकडे चुकेल तिकडे साईट न्यावी. बाण डावीकडे पडत असतील तर खूण डावीकडे, खाली पडत असतील तर खाली.

मात्र बाण एका जागी पडत असतील तरच या नियमास अर्थ आहे. एक वर, एक उजवीकडे आणि तिसरा शेजारच्याच्या लक्ष्यात, असे असता साईट कोणत्या दिशेस न्यावी, हे बृहस्पतीलाही सांगता येणार नाही. म्हणून पहिले दोन-तीन महिने साईट नको. पाच ते दहा मीटरवर, कागद न लावलेल्या कोऱ्या गाठोड्यावर बाण मारावे. मध्य नाहीच, तेव्हा मूल मध्याकडे न पाहता आपल्या खांद्याकडे, बोटांकडे, दोरी हनुवटीस रोज तेथेच लागते की नाही याकडे लक्ष देते. सहापैकी पाच बाण तळहाताएवढ्या जागेत पडू लागले की साईट लावावी. ती साधी, एका खुणेची, आडवे-उभे सरकणारे आटे घट्ट बसणारी असावी. धक्क्याने आपली आपण सरकणारी साईट नसलेलीच बरी. रिकर्व्हच्या स्पर्धेत साईटला भिंग चालत नाही. कंपाउंडला भिंग, पाणसळीचा बुडबुडा आणि दोरीत बसविलेले ‘पीप’ नावाचे बारीक छिद्र चालते. आडव्या धनुष्यावरील दुर्बिणीत एकाखाली एक रेघा असतात, एकेका अंतरासाठी एकेक. त्या एका ठराविक वेगासाठीच खऱ्या असतात. आणि दुर्बीण लक्ष्य मोठे करते त्याबरोबर हाताचा कंपही मोठा करते, हे जाहिरातीत वाचावयास मिळत नाही.

बाणांविषयी थोडक्यात. ते ताणास जुळतील इतके लवचीक आणि मुलाच्या ओढीहून दोन-तीन इंच लांबच असावेत. आखूड बाण आत ओढला जाऊन हातावरच सुटण्याचे भय असते. सहा बाण पुरेत, पण सहाही एकाच वजनाचे. डाव्या कोपराखाली चामडी पट्टा बांधावा. आपल्या पूर्वजांस दोरीचा तडाखा ठाऊक होता, म्हणूनच अमरकोशात या पट्ट्यास ‘गोधा’ असे स्वतंत्र नाव आहे. त्याच कोशात बाण लक्ष्यावरून चुकलेल्या माणसासाठीही ‘अपराद्धपृषत्क’ असा भरघोस शब्द आहे. वर्गातील मुले एकमेकांस तो मोठ्या आवडीने बहाल करीत.

जागा निवडताना दशरथाची आठवण ठेवावी. त्याची विद्या कमी नव्हती, शब्दावरून वेध घेण्याइतकी ती सिद्ध होती. पण समोर काय आहे हे त्याने पाहिले नाही, आणि पाण्याचा घडा भरणारा मुनिकुमार मारला गेला. लक्ष्यामागे मातीचा बांध किंवा भरीव भिंत हवी. कुंपणाची जाळी किंवा मेंदी म्हणजे आडोसा नव्हे. गच्चीवर, अंगणात, रस्त्याच्या कडेला सराव करू देऊ नये. सर्वांचे बाण संपल्यावाचून कोणीही लक्ष्याकडे जाऊ नये, आणि आकाशाकडे बाण कधीही सोडू नये. गाठोड्यासाठी आपल्याकडे पैसे खर्चण्याचे कारण नाही: जुने पुठ्ठे एकावर एक रचून दोन फळ्यांत करकचून आवळले की शिकाऊ बाण त्यात सहज थांबतात.

पोशाख, हातमोजे, पाठीवरचा भाता यांत मुलांची मने रमतात, रमू द्यावी. पण पहिला खर्च शिक्षकावर करावा. महिनाभर दुसऱ्याच्या किंवा संस्थेच्या धनुष्यावर शिकून मग स्वतःचे घेतले तर या लेखातील निम्म्या सूचना आपोआप पाळल्या जातात. जवळपास कोण शिकविते याची चौकशी अहिल्यानगरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. धनुर्विद्या शालेय स्पर्धांत असल्यामुळे तेथे माहिती मिळते. मुलीसाठी विचारणारे पालक अजून आवाज उतरवून विचारतात. त्यांस मी बर्लिनचे गुण सांगतो. आणि ज्यांचे मूल शरीराने अधू आहे त्यांस जम्मूकडील शीतल देवीचे नाव सांगतो: तिला दोन्ही हात नाहीत, धनुष्य पायाने धरून दोरी खांद्याने ओढते, आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मिश्र दुहेरीत तिने कांस्यपदक मिळविले. माप शरीराचे घ्यावयाचे म्हणजे काय, ते तिचे धनुष्य पाहिल्यावर समजते.

धनुष्य घरी आल्यावर एक गोष्ट पहिल्याच दिवशी मुलास बजावावी, कारण शेजारची मुले जमली की ती हटकून घडते. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणाने न्यावयाचे सारे बळ तेव्हा धनुष्याच्याच अंगावर उलटते, पाती चिरते, दोरी तुटते, कधी तुकडा डोळ्याकडे येतो. बांबूचे किंवा रिकर्व्ह असेल तर सराव संपल्यावर दोरी उतरवून ठेवावी. कंपाउंडची दोरी मात्र घरी उतरवू नये. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारीत धनुष्य ठेवू नये. दोरी केसाळ दिसू लागली की मेण लावून बोटांनी चोळावे, आणि एक तंतू जरी तुटलेला दिसला तरी ती दोरी त्याच दिवशी बदलावी.